निवलं की जुळतं

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी "हॅट्, थापा!" म्हणायला नको.

आणखी एक. आमच्या घरात भूत मानत नाहीत. मीही मानत नाही. अमावास्येला मी एकटी गॅलरीच्या टोकाला नळावर जाते, आणि तेही गाणं न गुणगुणता!

तरीसुद्धा ही गोष्ट खरी आहे...

पंचाईत तीच तर आहे.

घडली ती माझ्या आत्याच्या, मंजुळाआत्याच्या, डोळ्यांदेखत. साल १९५८, महिना डिसेंबर, जागा काळाचौकीची आमची चाळ. वेळ मध्यरात्रीची नाही बरं का! भुताच्या गोष्टीत नेहमी बाराचे ठोके पडतात, इथे एकही पडत नाही. ही वेळ दिवेलागणीची. पोरं हुंदडतायत, स्टोव्ह फुरफुरतायत, कुणाकडे तरी बोंबील भाजल्याचा वास सुटलाय... अशी भरली वेळ.

मंजुळा तेव्हा विशीतली. मिलच्या वाइंडिंग खात्यात कामाला. अंगाने काडी, तोंडाने मिरची. तिच्या पाठचा भाऊ जगन. तोही मिलमध्येच, इलेक्ट्रिक खात्यात हेल्पर. आणि कामावरून घरी आला की दगडूमामाचा चेला.

दगडूमामा म्हणजे चाळीतला वायरमन. सख्खा मामा कुणाचाच नव्हे, पण अख्ख्या चाळीचा मामा. चाळीत वीज येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि तिची वायरन् वायर मामाने स्वतः ओढली होती. नवलाई अजून ओसरली नव्हती. लाईट गेली की पोरं "गेलीऽऽ" म्हणून बोंबलायची. आली की त्याच्या दुप्पट, "आलीऽऽ!"

मामाची काम करायची एक पद्धत होती.

जिन्याखाली लाकडी पेटी होती, तिच्यात बोर्ड. वायरीला हात लावण्याआधी मामा बोर्डातून चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसायचा आणि खाकी शर्टाच्या खिशात टाकायचा. खिशाला टिचबटण होतं. ते लावायचा... टिच! मग वर जायचा. काम झालं की जिन्याच्या पोकळीतून फ्यूज खाली सोडायचा. खाली जगन तो झेलायचा आणि ओरडायचा, "मामा, घालू?"

वरून मामा म्हणायचा, "घाल!"

तेव्हाच लाईट यायची. त्याआधी नाही.

"फ्यूज माझ्या खिशात हाय तवर वीज म्हंजी माझी बायको," मामा छाती ठोकायचा. "हू की चू करायची नाय."

उंबऱ्यातून त्याची बायको, सुंदराबाई, लगेच म्हणायची, "बायको हू की चू करत नाय? कुठल्या चाळीत राहता वो तुमी?"

सगळी चाळ खदखदायची.

त्या दिवशी चाळीच्या चौकात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. मामाने मोठा बल्ब टांगायचं कबूल केलं होतं. फ्यूज काढून खिशात घातला, बटण लावलं, आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी तो उघडी वायर जोडत बसला. खाली कंदिलाच्या उजेडात घोषणा चालल्या होत्या, "झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!" जगन जिन्याखाली, बोर्डाजवळ.

आणि लाईट आली...

कुणी "घालू?" विचारलं नव्हतं. कुणी "घाल" म्हटलं नव्हतं.

पोरं सवयीने ओरडली, "आलीऽऽ!"

एकच क्षण. मग पुन्हा अंधार. आणि वर काहीतरी जड कोसळलं...

मंजुळा त्याच मजल्यावर होती. कंदील घेऊन ती सगळ्यांच्या आधी पोचली. मामा आडवा पडला होता. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती. हाताला लागला तो खिशातला फ्यूज.

टिचबटण लावलेलंच होतं.

खाली माणसं बोर्डाकडे धावली. फ्यूजची खाच रिकामी. समोर जगन, पांढराफटक.

"रिकामी होती," तो एवढंच म्हणत होता. "रिकामीच होती, तरी आली. आपसूक आली."

आपसूक! कोण विश्वास ठेवणार?

पोलिसांनी अपघात लिहिला आणि ते गेले. चाळीने मनात भलतंच लिहिलं. खाचेत कुणीतरी तार घातली असणार. बोर्डाजवळ होता कोण? जगन.

सगळ्यात मोठा आवाज तळमजल्यावरच्या बाबुरावांचा. चाळीत त्यांच्या एकट्याकडे रेडिओ होता आणि त्यांचं बोलणंही रेडिओसारखंच, पण बंद करायचं बटण नसलेलं. "उस्तादाची जागा पायजे असंल पोराला," ते जिन्यात उभं राहून सांगायचे. "तार घातली, तार काढली. हाय काय नि नाय काय!"

जगन मान खाली घालून त्यांच्यासमोरून वर यायचा. जेवण पुढ्यात तसंच. मंजुळा म्हणायची, "दोन घास खा रे." तो म्हणायचा, "अक्का, तुला तरी पटतं ना?"

"पटतं म्हणजे काय! खा आधी."

पण तिलाही रात्री झोप लागत नव्हती.

दोन दिवस चाळ अंधारात राहिली. मग कुणीतरी मामाच्या खिशातून निघालेला तोच फ्यूज पुन्हा खाचेत बसवला. वस्तू चांगली होती, फेकायची कशाला?

आणि तिथून सुरू झालं...

पहिल्यांदा शेजारच्या चंपाचा धाकटा. पोर भलतं वांड. गॅलरीत पत्र्याच्या पेटीवर चढलं आणि बल्ब काढलेल्या होल्डरमध्ये बोट घालायला निघालं. मंजुळा समोरून येत होती. ती ओरडणार, एवढ्यात...

टिच.

लाईट गेली.

चंपाने पोराला खाली ओढलं, दोन धपाटे घातले. त्याचं रडं सुरू झालं आणि लाईट आली.

"आलीऽऽ!"

मंजुळाला वाटलं, योगायोग. तो बारीक आवाज स्टोव्हच्या पिनेचा असेल.

मग एकदा सुंदराबाई धुणं पिळून ओल्या हाताने बटण दाबायला गेली. टिच... अंधार. तिने पदराला हात पुसले. लाईट हजर. मग एकदा खिळा ठोकताना कुणाच्या तरी हातून वायर सोलली गेली. टिच... अंधार.

दर वेळी कुणी ना कुणी फ्यूज बघायला खाली पळायचं. पण तिथे पोचेपर्यंत लाईट आलेली असायची. फ्यूज आपल्या जागी, तार शाबूत. कुणी काही केलेलं नाही.

कुणी केलेलं नाही कसं? चाळ म्हणाली, जगनच करतो.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आमच्या चाळीने बुद्धधम्माची दीक्षा घेऊन दोनच वर्षं झाली होती. देव्हारे उठले होते, अंगारे-धुपारे बंद झाले होते. मामा गेला तेव्हा वंदना झाली, पण पिंड ठेवला नाही, कावळ्याची वाट बघितली नाही. सुंदराबाई एकदा पुटपुटली, "कावळा शिवला नाय, म्हणून तर नसंल..." तर माझे आजोबा, कोंडीराम, तिला मऊपणे म्हणाले, "वहिनी, आपण शपथ घेतलीय. भूतबित काय नसतं."

बरोबरच होतं त्यांचं! पण त्यांच्या लक्षात आलं नाही की त्या वाक्याने त्यांनी स्वतःच्याच पोराभोवती दोरी आवळली.

भूत नसतं. मग फ्यूज काढतो तो माणूसच. आणि माणूस म्हणजे कोण? जगन!

त्यात जगनने आणखी एक घोळ घातला. मनाने सरळ पोर, कुणीतरी विचारलं म्हणून सांगून बसला. "आमच्या मिलमध्ये एका मोटारीवर तसलं विलायती कट-आउट हाय. जास्त तापलं की आपोआप तुटतं, निवलं की आपोआप जुळतं. माणूस लागत नाय."

"बघा!" बाबुराव टाळी देऊन म्हणाले. "मिलमधनं आणून बसवलंय बेट्यानं! नाय तर याला कसं ठाऊक?"

जगनने बोर्ड उघडून दाखवला. साधा फ्यूज, साधी तार. कुणी बघितलंसुद्धा नाही. बायकांनी मात्र तो शब्द उचलला. निवलं की जुळतं. नळावर हंडा भरता भरता सुंदराबाई मंजुळाला हळूच म्हणाली, "पोरी, माझा धनी अजून निवला नाय गं..."

मंजुळा रिकामी कळशी घेऊन तशीच वर परतली.

मग चाळीच्या पंचांनी ठरवलं, रविवारी बैठक. जगनने गुन्हा कबूल करायचा, नाहीतर कोंडीरामने खोली रिकामी करायची. शपथ घेतली त्या दिवशीही ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आजोबा त्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपले.

शनिवारी मंजुळाने ठरवलं. आता आपणच बघायचं.

दिवेलागणीला ती जिन्याखाली जाऊन पेटीसमोर बसली. झाकण उघडं. हातात काड्यापेटी. जगनला तिने मुद्दाम आजोबांबरोबर नायगावला पाठवला होता. म्हणजे आज काही झालं तर ते जगनने केलेलं नाही, हे तिला तरी ठाऊक राहील.

वर पोरांचा गोंगाट. जिन्यातल्या बल्बचा पिवळा उजेड. खाचेत पांढरा फ्यूज.

ती डोळ्यांची पापणी लवू देत नव्हती.

आणि मग... तिच्या अगदी डोक्याजवळ...

टिच.

अंधार. वरून पोरं, "गेलीऽऽ!"

तिने काडी ओढली.

खाच रिकामी होती.

फ्यूज पडला नव्हता. कुणी उपसला नव्हता. फक्त नव्हता. पितळेच्या दोन पट्ट्या तेवढ्या चमकत होत्या.

आणि त्या अंधारात तिला दुसरं काहीतरी ऐकू आलं. ती चक्रावलीच. बोर्डामागच्या भिंतीपलीकडे बाबुरावांची खोली. सगळी चाळ काळोखात... आणि त्यांचा रेडिओ चालू होता! बारीक आवाजात बातम्या लागल्या होत्या.

चाळीची वीज बंद, मग रेडिओ कशावर?

एवढ्यात जिन्यातला बल्ब पेटला. "आलीऽऽ!" मंजुळा वर बघते, खाली बघते... लाईट लागली होती आणि खाच अजून रिकामीच होती. रिकामीच! जगन म्हणाला होता तश्शी!

काडीचा चटका बसला म्हणून तिची नजर एकदाच हलली. परत पाहिलं तर फ्यूज जागेवर.

तिने धीर करून त्याला बोट लावलं.

तो गरम होता. पण तारेने तापावा तसा नाही... कुणाच्या तरी छातीशी असल्यासारखा कोमट.

ती वर कशी पळाली, तिला आठवत नाही.

रात्री तिने आजोबांना रेडिओचं सांगितलं. बाकीचं गिळलं. आजोबा म्हणाले, "रेडिओ वाजला म्हणून माणूस खुनी होत नाय, मंजू. ज्यानं आपल्या पोरावर आळ घेतला त्याच्यावर उलटा आळ घेतला असंच म्हणतील."

रविवारी बैठक दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भरली. मामा पडला होता तिथेच. चौकात गार वारा, आणि वर जागा तेवढीच मोकळी होती ना! तिन्हीसांजेची वेळ. सगळे बसले, बायका दारांत उभ्या. बाबुराव पुढे.

"बोल बाबा जगन," पंच म्हणाले.

जगन उठला. "मी केलं नाय. कबूल पण करणार नाय. मी वायरीला हात लावतो."

"आँ?"

"चाळीत कुणी पण वायरीला हात लावायला गेलं की लाईट जाती. चंपाचं पोर वाचलं, सुंदरामामी वाचली. आज मी लावतो. मामाला वाटत असंल मी मारलं, तर लाईट जाणार नाय."

आजोबा कळवळून ओरडले, "अरे, आपण हे मानत नाय!"

"तुमी नका मानू, दादा. पण मग एक सांगा, मला खरं मानणारं इथं दुसरं कोण हाय?"

मंजुळाने त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. तेवढ्यात दारातून सुंदराबाईचा आवाज आला. कोरडा, शांत.

"लावू दे त्याला."

मामाने अर्धवट सोडलेली वायर अजून कठड्याला लोंबत होती. जगनने तिचं टोक सोललं. तांबं चमकलं. डोक्यावरचा बल्ब लख्ख जळत होता. जगनने हात पुढे केला...

बल्ब जळतच होता.

बोटं आणखी पुढे...

मंजुळाने शर्ट मागे ओढला.

टिच.

अंधार!

जगनने वायर गच्च धरली होती. त्याचा हुंदका सगळ्यांनी ऐकला. सुंदराबाई अंधारातूनच पुढे आली, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडली. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच. बायका डोळे पुसायला लागल्या. आजोबा नुसते "जगन, जगन" करत होते.

आणि बाबुराव हसले.

"काय पण नाटक! याचा कोणतरी दोस्त खाली बसलाय, फ्यूज काढलाय त्यानं. आण रे ती वायर इकडं!" अंधारात त्यांनी चाचपडत वायर हिसकली. "ही बघा, मी पण धरली! काय झालं? काय नाय! मी पण देवमाणूस झालो काय?"

जगन मागे सरकून मंजुळाच्या शेजारी उभा राहिला.

आणि खालून... जिन्याच्या पोकळीतून... कुणीतरी विचारलं,

"घालू?"

खाली कुणीही नव्हतं. सगळी चाळ वर होती.

चंपाचं पोर आईच्या पदरात शिरलं. बाबुरावांचं हसू थांबलं, पण हात वायरीवरच होता. एक श्वास... दोन श्वास...

मग गॅलरीतूनच, हळू आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"घाल."

लाईट आली.

या वेळी एकही पोर ओरडलं नाही. किंकाळी बाबुरावांचीच होती. ते भिंतीवर फेकले गेले म्हणून वाचले. उजवा हात मात्र कायमचा गेला. दवाखान्यातून ते चाळीत परत आलेच नाहीत, अँटॉप हिलला मेव्हण्याकडे राहायला गेले. त्यांचं सामान हलवताना कपाटामागे भिंतीत भोक निघालं. त्या भोकातून एक चोरटी वायर बोर्डाच्या मागून, फ्यूजच्या आधीच, जोडलेली. सभेच्या दिवशी मामाने फ्यूज काढल्यावर रेडिओ बंद पडला, तेव्हा तीच जोडताना त्यांनी ती आधी कुठेतरी चुकीची टेकवली असणार, असं चाळीने ठरवलं. नक्की कुणालाच ठाऊक नाही. बाबुरावांना विचारायला कुणी गेलं नाही.

पंचांनी जगनची माफी मागितली. खोली राहिली. नाव राहिलं. सुंदराबाईने मामाची पकड आणि पेचकस त्याच्या हातात दिले. त्या दिवसानंतर लाईट आपसूक कधी गेली नाही की आली नाही.

सगळं छान झालं, नाही का?

मलाही तसंच वाटलं होतं. मी आत्याला म्हटलंसुद्धा, "मग मामाने बदला घेतला आणि निवला! हाय काय नि नाय काय!"

आत्या हसली नाही.

ती म्हणाली, "खालून 'घालू' म्हणणारा आवाज कुणाचा, ते मला ठाऊक नाही. पण 'घाल' म्हणणारा आवाज मामाचा होता. अख्ख्या चाळीने ओळखला. वरून आला, पुढून आला, जो तो वेगळं सांगतो. मला विचारशील तर तो माझ्या उजव्या कानाशी आला, पोरी. त्या शब्दाचा श्वास माझ्या गालाला लागला..."

तिच्या उजव्या हाताला जगन उभा होता. दुसरं कुणीच नव्हतं.

"त्याच्या तोंडून मामा बोलला?" मी विचारलं.

"तसं असलं तर ठीक आहे," आत्या म्हणाली. "पण वीस वर्षं झाली, मंजू म्हणून कुणी मागून हाक मारली की मी आधी वळून बघते, बोलणारं खरंच कोण आहे ते. जगन रोज मामाबरोबर असायचा गं. मामाची नक्कल त्याच्याइतकी हुबेहूब चाळीत कुणालाच यायची नाही."

तिने त्याला कधीच विचारलं नाही. त्याने कधीच सांगितलं नाही.

आता मी तरी कशी विचारू? जगन म्हणजे माझे बाबा. गोष्टीत मी त्यांना जगन म्हटलं, कारण "बाबा" लिहून पुढचं लिहायला हात धजेना.

ते भूत मानत नाहीत. फार चांगले आहेत ते, सगळ्या चाळीला विचारा. काल मी हे लिहीत बसले होते तेव्हा पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय लिहितेस एवढं?"

"निबंध," मी वही झाकली.

"मग वाच की."

मी मागे वळले नाही.

आवाज त्यांचाच होता... बहुतेक.